तिवराचे मौन आणि झाडांचा हिशेब

उल्हास नदीची खाडी घोडबंदरपाशी समुद्राची चाहूल घेते. दिवसातून दोनदा येणारी भरती उन्हाळ्यात खारे पाणी आत लोटते. पावसाळ्यात नदीचा लोंढा तेच पाणी बरेचसे गोडे करून टाकतो. काठावरचे तिवर दोन्ही ऋतूंत हिरवे राहते. त्याला कोणती जनुके लाभली आहेत, एवढ्याने या सहनशीलतेचा उलगडा होत नाही. कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा मौन पाळावे, याची शिस्त हे त्याचे खरे बळ होय.

तिवराच्या मुळातील पेशीत आणि पानातील पेशीत जनुकांचा संच एकच असतो. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तेथील जनुक सहसा मूकच राहते. हिस्टोनला अ‍ॅसिटिल गट जोडले गेले की ती सैल होते, नियामक प्रथिने जनुकाच्या आरंभापाशी किंवा दूरच्या नियंत्रक भागांवर बसतात आणि मगच त्या जनुकाची आरएनए-प्रत निघू लागते. त्या प्रतीतील अनावश्यक भाग पुढे छाटले जातात. काही प्रती तर प्रथिन तयार होण्यापूर्वीच नष्ट केल्या जातात. तिवराची मुळे बहुतांश मीठ बाहेरच अडवितात आणि आत शिरलेले मीठ पानांवरील ग्रंथी बाहेर टाकतात. ही दोन्ही कामे अशा नियंत्रणावाचून अशक्य आहेत.

कोकणातील खारभूमीत भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याला या ज्ञानाचे मोल वेगळे सांगावयास नको. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. चेन्नईच्या स्वामिनाथन प्रतिष्ठानाने तिवराची जनुके भातात घालून पाहिली. परंतु एखादे जनुक उसने आणले म्हणजे तिवराचा सारा कारभार भाताच्या हाती आला, असे नव्हे.

ब्राझीलमधील एका कांदळ-जातीवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नदीकाठची उंच झाडे आणि खाऱ्या दलदलीतील खुजी झाडे यांच्या जनुकांत फरक थोडाच आढळला. डीएनएवरील मिथिल गटांच्या खुणांत मात्र तो विपुल होता. एकाच जातीची झाडे स्थळानुसार किती निराळी असू शकतात, हे यावरून ध्यानी यावे.

कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले. तरीही विकासाच्या नावाने झाडे तोडावयाची आणि त्यांच्या बदली अन्यत्र रोपे लावल्याचा हिशेब मांडावयाचा, हा युक्तिवाद अजून सुटलेला नाही. तो हिशेब केवळ संख्येचा असतो. त्याच खाडीचे खारे-गोडे पाणी पीत वाढलेल्या झाडाची जागा दुसरीकडचे रोप लगेच घेईल, हे त्यात गृहीत धरलेले असते. जनुकशास्त्र या गृहीताला आधार देत नाही. बदली लागवड आवश्यक तेथे अवश्य व्हावी. पण उभे कांदळवन तोडण्याचा परवाना म्हणून ती कदापि पुढे केली जाऊ नये.