बियांचं बटर : तेल सुटेपर्यंत

म्हणजे काय? भाजलेल्या तेलबिया त्यांच्याच तेलात वाटून केलेला मऊ लगदा. दुधाचा अंशही नाही. तिळाचं असेल तर ताहिनी. पश्चिम आशियात हमसमध्ये हीच पडते. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, पण कृती तीच.

तेल किती? तीळ, सूर्यफुलाचा गर, शेंगदाणे : वजनाच्या जवळपास निम्मं. वरून घालायची गरज सहसा पडत नाही.

मिक्सरमध्ये काय घडतं? आधी कोरडं कूट. मग ते भांड्याच्या कडांना चिकटतं, त्याचा गोळा होतो. बरेच जण इथेच थांबतात. थांबू नये. कडा खरवडाव्यात, मोटर तापली तर विश्रांती द्यावी आणि पुन्हा फिरवावं. तेल सुटलं की चकाकी येते, मिश्रण सैल होतं.

• तीळ मंद आचेवर भाजावेत, तडतडू लागताच उतरवावेत. करपले की कडू. कोमट असतानाच वाटावेत.

• पाण्याचा थेंबही नको. मिश्रण घट्ट होतं आणि लवकर बिघडतं.

• वर तेलाचा थर येणं हा बिघाड नव्हे, ढवळून घ्यावं. बाजारातल्या काही बटरमध्ये तो टाळायला हायड्रोजनीकृत तेल असतं.

• सूर्यफुलाच्या बटरचा केक खायच्या सोड्यामुळे आतून हिरवट होऊ शकतो. कारण बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल. अपाय नाही.

• जवसाचं लवकर खवट होतं. थोडंच करावं, फ्रिजमध्ये ठेवावं.

ॲलर्जी : तिळाचीही असते, कधी तीव्र. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर तिळाचा उल्लेख बंधनकारक आहे.