कोल्हापूरचे जनरल थोरात

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात ठाऊक आहेत का? जन्म १९०६, मूळ आपल्या कोल्हापूर भागातले, प्रशिक्षण थेट सँडहर्स्टला!

१९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन अशा तिघा भारतीयांच्या पलटणी एकाच ब्रिगेडमध्ये लढल्या. तिघांनाही डीएसओ हा लष्करी सन्मान!

१९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलातल्या एका मेजरला चिनी कैद्यांनी ओलीस धरलं. थोरात स्वतः कुंपणाच्या आत शिरले, बोलणी केली आणि त्याला सोडवून आणलं.

१९६० मध्ये पूर्व विभागाचे प्रमुख असताना लखनौला ‘लाल किला’ हा युद्धसराव घेऊन त्यांनी चिनी आक्रमणाचा धोका मांडला. दिल्लीनं मनावर घेतलं नाही. १९६२ च्या चीन युद्धात काय झालं, ते सगळ्यांना माहीतच आहे.