वळणावर ‘कट-कट’ ऐकू येण्याआधी चाकामागचा रबरी बूट बघा

बेळगाव : पावसाळा सरत आला की शहरातल्या गॅरेजांत एकच तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात. "स्टेअरिंग पूर्ण मारून गाडी वळवली की पुढच्या चाकातून कट-कट आवाज यायलाय बघा." मिस्त्री गाडी वर घेतो, चाक वळवतो, आत बॅटरी मारतो. चाकाच्या मागे घड्याघड्यांचा जो रबरी बूट असतो तो फाटलेला दिसतो. रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर काळं ग्रीस उडून चिकटलेलं असतं. "मालक, बूट फाटून दोन-तीन महिने झाले असतील. आता नुसता बूट घालून भागत नाही, जॉइंटच गेलाय."

बऱ्याच छोट्या गाड्यांचा बूट, त्याचं ग्रीस आणि क्लिपा असं किट काही शे रुपयांत मिळतं. जॉइंट किंवा अख्खा एक्सल म्हटला की बिल हजारांत जातं. मजुरीत मात्र फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही कामांना एक्सल बाहेर काढावाच लागतो. "पुढच्या सर्व्हिसला बघू" म्हणून जी बचत होते ती खरं म्हणजे उधारी असते, आणि तिचं व्याज बरंच चढं आहे.

हा जॉइंट करतो काय?

ओम्नी, बोलेरोसारख्या गाड्यांत मागची चाकं गाडी ढकलतात. इंजिनाची ताकद लांब प्रोपेलर शाफ्टमधून मागे जाते आणि त्याच्या टोकांना क्रॉस असतात. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढणारी गाडी आपल्याकडे घराघरांत पोचली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या याच पद्धतीच्या आहेत. यात पुढच्या चाकाला एकाच वेळी तीन कामं असतात : गाडी ओढायची, स्टेअरिंगबरोबर वळायचं आणि खड्ड्यात वर-खाली व्हायचं. साधा क्रॉस जास्त कोनात वाकला की शाफ्ट एका फेरीतच कमी-जास्त वेगाने फिरतो आणि हिसके देतो. वाकलेल्या अवस्थेतही सारख्याच वेगाने फिरेल असा सांधा लागतो. तोच हा सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट.

प्रत्येक एक्सलला असे दोन जॉइंट असतात. चाकाकडच्या जॉइंटमध्ये बहुतेक वेळा सहा पोलादी गोळ्या कोरलेल्या खाचांतून सरकतात. ही रचना अल्फ्रेड रझेप्पा या इंजिनिअरची, १९२० च्या दशकातली. १९५९ च्या ब्रिटिश मिनीमध्ये ती वापरली गेली आणि छोट्या गाड्यांत रुळली. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमध्ये साधारणपणे तीन रोलर असतात. तो फार वाकत नाही, पण आत-बाहेर सरकतो. खड्ड्यात चाक वर गेलं की एक्सलची लागणारी लांबी बदलते, ती हा भरून काढतो.

जॉइंट स्वतः चिवट असतो. बूट शाबूत आणि आत ग्रीस असेल तर तो लाखभर किलोमीटर सहज काढतो. आधी मरतो तो बूट. त्याला चीर पडली की फिरणारा एक्सल आतलं ग्रीस बाहेर भिरकावतो आणि त्याच वाटेने चिखल-पाणी आत शिरतं. उरलेलं ग्रीस आणि बारीक वाळू मिळून घासायची पेस्टच तयार होते. गोळ्या ज्या खाचांतून पळतात तिथे खड्डे पडतात. वळताना ऐकू येणारी कट-कट म्हणजे गोळी त्या खड्ड्यात पडते आणि बाहेर येते तो आवाज. म्हणून आवाज सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून उपयोग नाही. काही दिवस आवाज दबतो, खड्डा तसाच राहतो. "ग्रीस भरून देतो, गप्प होईल" असं कोणी म्हटलं तर ते गाडी विकण्यापुरतं ठीक आहे.

बूट लवकर का फाटतो?

वय हे एक कारण. वापर कमी असला तरी रबर कडक होतं. इंदूर-हैदराबादकडे उन्हात उभी राहणारी, महिन्यातून दोनदा निघणारी गाडी किलोमीटरने तरुण दिसते, पण तिच्या बुटाच्या घड्यांत भेगा असू शकतात. उभ्या गाडीत उंदीरही शिरतात, आणि त्यांना वायरीइतकंच हे रबर आवडतं.

आपल्या भागातली कारणं जरा वेगळी आहेत. उसाच्या शिवारातून किंवा कच्च्या वाटेने गाडी नेली की प्लास्टिकची सुतळी, तार, वाळका पाला एक्सलला गुंडाळला जातो आणि फिरता फिरता बुटाला कापतो. घरी आल्यावर तो लगेच काढला तर नुकसान होत नाही. दुसरं, पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घ्यायची जुनी सवय. पत्र्याला त्याचा फायदा होतही असेल, पण रबर अशा तेलाने फुगतं, मऊ पडतं. मारून घ्यायचंच असेल तर बूट आणि बुश झाकायला सांगावं. गिअरबॉक्सचं ऑइल सील गळत असेल तर आतल्या बुटावर तेच होत राहतं, फक्त रोज थोडं थोडं. वॉशिंगला पाण्याचा जोरदार फवारा बुटाच्या क्लिपेवर जवळून धरणंही टाळावं.

तिसरं कारण फारसं कोणी बोलत नाही. खड्ड्यांत गाडी खाली घासते म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी अॅडजस्टर बसवले जातात. गाडी उंच होते, दुकानदार खूश, मालक खूश. पण एक्सल आता सरळ रस्त्यावरसुद्धा जास्त वाकूनच फिरतो. बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि जॉइंटवर कायमचा जादा कोन येतो. उंची वाढवून घेतलेल्या गाडीचे बूट म्हणूनच दुप्पट लक्ष देऊन बघायला हवेत.

तपासायचं कसं?

यासाठी गॅरेजची गरज नाही. सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावं आणि चाकाचा काठ जिथून बाहेर येतो तिथून मोबाईलची बॅटरी मारावी. बूट नुसता वरून बघून चालत नाही, भेग घडीच्या तळाशी असते. गाडी अर्धं चाक पुढे ढकलून पुन्हा बघितलं की बुटाचा सगळा घेर नजरेखालून जातो. बूट कोरडा हवा. रिमच्या आत काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील तर भेग दिसत नसली तरी ती आहे असं समजावं, किंवा क्लिप सैल आहे. आतला बूट खालूनच दिसतो, तो सर्व्हिसला गाडी लिफ्टवर असताना आपण स्वतः उभं राहून बघावा. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली डोकं घालू नये.

बुटाला वरवर भेगा पडल्यात पण तो फाटलेला नाही, हीच बदलायची योग्य वेळ. वर्षातून दोनदा, मेअखेरीस आणि दिवाळीच्या आधी, एवढं बघितलं तरी पुरतं.

आवाजाची परीक्षा मोकळ्या मैदानात करावी. पूर्ण वळवून हलका अॅक्सिलरेटर देत गोल फेरी मारायची, मग दुसऱ्या बाजूला. डावीकडे वळताना कट-कट आली तर बहुतेक वेळा उजवा जॉइंट दोषी असतो, कारण वळणाचा भार बाहेरच्या चाकावर जातो. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरली आणि पाय काढताच थांबली तर आतल्या जॉइंटचा संशय घ्यावा. पाय काढूनही ठराविक वेगाला थरथर राहत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून बघावं. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ बहुधा बेअरिंगची असते. हे तिन्ही ओळखता आले नाहीत तर चांगला एक्सल बदलला जातो आणि आवाज तसाच राहतो.

काम करून घेताना काही गोष्टी डोळ्यांसमोर व्हाव्यात. फक्त फाटका बूट बदलायचा असेल तर जॉइंट पूर्ण धुऊन, पुसून, खाचा बघूनच नवं ग्रीस भरायचं. ते किटबरोबर येणारं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस असावं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस तिथे टिकत नाही. आतल्या जॉइंटच्या पाकिटातलं ग्रीस वेगळं असू शकतं, अदलाबदल नको. क्लिप पक्कडीने नीट आवळलेली हवी, बांधायची तार किंवा प्लास्टिकची पट्टी म्हणजे पुढच्या पावसात पुन्हा गॅरेज. चिकटवायचे दोन भागांचे बूट मिळतात, पण ते वेळ मारून नेण्यापुरते. एक्सल काढताना गिअर ऑइल सांडतं, ते पुन्हा भरलं का हे विचारावं. चाकाचा मधला नट नवा असावा आणि टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाने आवळावा, छिन्नी-हातोड्याने नव्हे. एबीएसच्या काही गाड्यांत बाहेरच्या जॉइंटवर दात्यांची रिंग असते. दुसऱ्या मॉडेलचा जॉइंट बसला तरी दाते जुळले नाहीत तर डॅशबोर्डवर दिवा लागतो.

चालवण्यात पाळायचं एकच : स्टेअरिंग शेवटपर्यंत वळलेलं असताना जोरात अॅक्सिलरेटर देऊ नये. चिखलात चाक रुतलं की लोक नेमकं हेच करतात. आधी चाकं सरळ करावीत, खाली दगड-फांद्या घालाव्यात, मग हळू बाहेर यावं.

आणि कट-कट सुरू झालेली गाडी घेऊन चोर्ला किंवा अनमोड घाटात उतरू नये. गावातल्या गावात, मोठी वळणं घेत, गॅरेजपर्यंत नेता येते तेवढीच. जॉइंट तुटला तर इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही, एवढंच लक्षात राहतं. उतारावर त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिअरचा अडसरही जातो. एका बाजूचा एक्सल तुटला की इंजिन गाडीला रोखून धरू शकत नाही. ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ लावूनही गाडी घरंगळू शकते. पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक मात्र चालतात. अशा वेळी गाडी कडेला घेऊन हँडब्रेक पूर्ण ओढावा, चाकांना दगड लावावेत, सगळ्यांना डोंगराच्या बाजूला उतरवावं आणि दोरीने ओढण्यापेक्षा गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवावा.