करवत लोखंडाचीच का?

करवतीला लोखंडच का लागते, हा प्रश्न सुताराला पडत नाही; अॅरिस्टॉटलला पडला. ‘फिजिक्स’च्या दुसऱ्या खंडाच्या शेवटी त्याने तो सोडवला आहे. लाकूड कापायचे तर दाते हवेत, दाते टिकायचे तर धातू कठीण हवा, म्हणून लोखंड. लोखंड आहे म्हणून करवत होणारच, असे मात्र नाही. ते खाणीत युगानुयुगे पडून राहील, त्याला कुठली आली करवत होण्याची घाई! आणि लोकरीची करवत, हे तो अन्यत्र बजावतो, कोणालाच करता येणार नाही, कारागीर कितीही निष्णात असो.

हीच सोपाधिक अनिवार्यता: अमुक साधायचे असेल, तर तमुक हवेच. जड दगड आपोआप तळाशी गेले, हलके लाकूड वर राहिले आणि भिंत उभी राहिली, असे मानण्याची तो थट्टा करतो. भिंत उभी राहते ती निवाऱ्यासाठी. दगडाचा जडपणा त्या कामाला जुंपलेला असतो. प्राण्यांच्या अवयवांचा विचारही तो याच रीतीने करतो.

सुमारे 524 साली, थिओडोरिक राजाच्या कैदेत मृत्यूची वाट पाहणाऱ्या तत्त्वज्ञ बोएथियसने हीच संज्ञा भलत्याच कामाला लावली. ईश्वराला पुढचे सारे ठाऊक असेल, तर माणसाला मोकळीक उरते का? त्याचे उत्तर असे: माणूस मर्त्य आहे, ही साधी अनिवार्यता. पण कोणी चालतो आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तो चालत असलाच पाहिजे, ही सोपाधिक. इथला ‘च’ सबंध जर-तरच्या वाक्यावर आहे, त्या माणसाच्या पायांवर नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात आजही मुले इथेच घसरतात, आणि मुलेच कशाला.

दोघांच्या ‘जर’मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. अॅरिस्टॉटलचा ‘जर’ हेतूचा, सोडून देता येण्याजोगा. बोएथियसचा घडून चुकलेल्या गोष्टीचा.

लाइब्निझने यांतली दुसरी, बोएथियसची वाट धरली आणि तिच्यावर पेलवेना इतका भार टाकला. 1686च्या ‘डिस्कोर्स’मध्ये तो म्हणतो, सीझरच्या संपूर्ण संकल्पनेतच त्याचे रुबिकॉन नदी ओलांडणे सामावलेले आहे. त्या लेखनाचा सारांश वाचून फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ आर्नो हादरला: मग जगात सगळेच अटळ झाले! लाइब्निझचा बचाव असा की, सीझर माघारी फिरला असता तर त्यात व्याघात नव्हता. ईश्वराने हेच जग निवडले, या अटीवरच ते निश्चित झाले. बचाव चतुर आहे, पण माझे मत आर्नोच्या पारड्यात. माघारी फिरणारा सीझर हा लाइब्निझच्याच हिशेबाने दुसरा कोणी ठरतो. मग मोकळीक नेमकी कोणाला मिळाली?

कांटने 1785 साली ‘जर’ पुन्हा हेतूकडे वळवला. त्याचे सोपाधिक आदेश साध्य हवे असेल तोवरच लागू. साध्य सोडा, आदेश गळून पडतो. साध्य चांगले की वाईट, हे असा आदेश विचारत नाही. कांटचा दाखला रोखठोक आहे: रोग्याला खात्रीने बरे करायला वैद्याला जे नियम लागतात आणि त्याला खात्रीने मारायला विष घालणाऱ्याला जे लागतात, ते आपापल्या कामापुरते सारख्याच मोलाचे.