गाडी पन्नाशीची, रबर मात्र ताजं हवं

पन्नास वर्षांहून जुनी मोटार परदेशातून आणण्याची वाट केंद्र सरकारने २०२५ मध्ये मोकळी केली आणि व्हिंटेज गाड्यांच्या वर्तुळात उत्साहाला उधाण आलं. पूर्वी ही मुभा १९५० सालाआधीच्या गाड्यांपुरती होती. आता सालाची रेघ दर वर्षी एकेक घर पुढे सरकणार. सत्तरच्या दशकातल्या ज्या स्पोर्ट्‌स कारची चित्रं कापून ठेवत एक पिढी मोठी झाली, त्या मुंबई-पुण्याच्या गॅरेजात दिसू शकतील. कस्टम ड्युटी किती बसेल, कार्ब्युरेटर कोण लावून देईल, पत्र्याचं काम कुणाकडे द्यायचं, यावर तासन्‌तास खल चालतो. टायरचा विषय निघतो तो शेवटी, ‘बघू, मिळतील कुठेतरी’ एवढ्यापुरता.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना, निदान रस्त्यावर काढताना तरी, पहिला प्रश्न टायरचा असायला हवा. आणि त्याचं उत्तर ‘जास्तीत जास्त ग्रिप’ हे नाही. रचना गाडीच्या काळाची आणि रबर आजचं, हे ते उत्तर आहे.

उदाहरणाला पोर्शेची ९११ करेरा आरएस २.७ घेऊ. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली, हजार किलोच्या आसपास वजनाची, २१० अश्वशक्तीची ही गाडी. एकूण १,५८० बनल्या. तिच्या शेपटीवरच्या बदकाच्या शेपटासारख्या स्पॉइलरबद्दल सगळे बोलतात, चाकांबद्दल फार कमी. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या मापाचे टायर असलेली ही पोर्शेची पहिली प्रॉडक्शन कार. पुढे सहा इंची रिमवर १८५/७० व्हीआर १५, मागे सात इंची रिमवर २१५/६० व्हीआर १५, आणि दोन्हीकडे पिरेलीचे सीएन३६.

हे आकडे मांडून पाहण्यासारखे आहेत. पुढच्या टायरची एकूण उंची भरते ६४० मिलिमीटर आणि मागच्याची ६३९. रुंदी तीन सेंटिमीटरने वाढली, पण उंची जवळपास तीच राहिली. ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे टांगलेलं, त्यामुळे वळणात पार्श्वभाग बाहेर फेकला जाण्याची तिची खोड. मागे रबर वाढवून इंजिनीअरांनी ती आवरली आणि गाडीची उंची, गिअरचं गणित, स्पीडोमीटर यांना धक्का लागू दिला नाही. थोडक्यात, टायर हा त्या गाडीच्या सस्पेन्शनचाच एक सुटा भाग आहे.

आता हे २१५/६० १५ घेऊन आपल्याकडच्या दुकानात जा. दुकानदार मान हलवेल आणि लगेच तोडगा सुचवेल: ‘सोळाची किंवा सतराची अलॉय टाका, हवा तो टायर मिळेल.’ मोह पडावा असाच हा सल्ला आहे. नवे लो-प्रोफाइल टायर जुन्यांपेक्षा कितीतरी जास्त पकड देतात, यात वाद नाही. पण ती पकड कशी सुटते, हे पाहायला हवं.

वळणात चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि गाडी किंचित दुसरीकडे सरकत असते. या दोन दिशांमधला कोन वाढतो तशी पकड वाढते, एका टोकाला पोचते आणि मग उतरते. उंच बाजूंच्या जुन्या टायरात हे टोक मोठ्या कोनावर येतं आणि उतार सौम्य असतो. गाडी आधी कुरकुरते, सरकते, स्टिअरिंग हलकं पडतं, आणि चालकाला सावरायला अवधी मिळतो. आजच्या रुंद, बुटक्या टायरात टोक उंच असतं, लहान कोनावर येतं आणि त्यापुढचा उतार तीव्र असतो. आजच्या गाडीत तिथे इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा चालकाच्या आधी जागी होते. १९७३ च्या गाडीत साधं एबीएससुद्धा नाही. पकड जिथे सुटेल तिथला वेग जास्त आणि इशारा कमी, अशा जोडीला सुधारणा म्हणणं मला पटत नाही.

शिवाय वाढलेली पकड फुकट येत नाही. तो ताण हब, बेअरिंग, बुश आणि अर्धशतक जुन्या रिमवर जातो. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी पार्किंगमध्ये हात दुखवते. जग्वार ई-टाइप किंवा एमजीबीसारख्या ज्या गाड्यांच्या इंजिनांचं तेल खालच्या चेंबरमध्ये असतं, त्यांच्यात एक आणखी धोका आहे. लांब वळणात तेल एका बाजूला ढकललं जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं कोरडी पडतात. ज्या टायरांसाठी ते चेंबर आखलं, त्यांच्यावर गाडी एवढ्या जोरात वळूच शकत नव्हती.

या विषयात ज्याचा शब्द मी सर्वांत वरचा मानतो, तो माणूस म्हणजे वॉल्टर र‍्योर्ल. १९८० आणि १९८२ चा जागतिक रॅली विजेता. माँटे कार्लो रॅली त्याने चार वेळा जिंकली आणि चारही वेळा वेगळ्या कंपनीच्या गाडीत: फियाट, ओपेल, लान्सिया आणि आउडी. एकाच गाडीत जिंकणाऱ्याला ती गाडी कळते. चार वेगळ्या गाड्यांत, कधी बर्फावर तर कधी कोरड्या डांबरावर, त्याच घाटांत जिंकणाऱ्याला टायर कळतो. १९९३ पासून तो पोर्शेसाठी गाड्या पारखतो आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी पोर्शेने जुन्या मॉडेलांसाठी टायरांची नवी मालिका मान्य करायची ठरवली, तेव्हा चाचणीला हा र‍्योर्ल आणि कंपनीचे टायरतज्ज्ञ डीटर र‍्योशआयझन बसले. तिथे नुसती वेळ मोजली गेली नाही. ३५६ किंवा जुनी ९११ आपल्या मूळ स्वभावाने वागते का, हेही पाहिलं गेलं. र‍्योर्लचं मत असं की इतकी समतोल पकड सत्तरच्या दशकात स्वप्नवत होती, आणि तरीही या टायरांनी जुन्या पोर्शेचा स्वभाव बदललेला नाही. मान्यता मिळालेल्या टायरच्या बाजूवर ‘एन’ अक्षर आणि त्यापुढे अंक असतो. एका अ‍ॅक्सलवर वेगवेगळे अंक मिसळू नयेत, असं कंपनी बजावते.

पिरेलीनेही सीएन३६ त्याच जुन्या मापांत पुन्हा बाजारात आणला. बाहेरची नक्षी आणि बाजूंचा आकार जुना, आतलं रबर आजचं. मिशेलिनची जुन्या गाड्यांसाठी अशीच स्वतंत्र मालिका आहे. आणि हे फक्त कोट्यधीशांच्या गाड्यांपुरतं नाही. १९८९ मध्ये आलेल्या दोन आसनी रोडस्टरसाठी माझ्दाने २०१७ मध्ये जपानात पुनरुज्जीवन योजना जाहीर केली, तेव्हा ब्रिजस्टोनने त्या गाडीचा मूळ एसएफ३२५ टायर १८५/६० आर १४ या मूळ मापात पुन्हा तयार केला. सर्वसामान्यांच्या स्पोर्ट्‌स कारसाठी अवघ्या १४ इंचाचा टायर नव्याने घडवणाऱ्या कंपन्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

उलट उदाहरणही आहे. मिशेलिनने १९७५ मध्ये टीआरएक्स नावाची पद्धत आणली. तिची रिम इंचात नव्हे, मिलिमीटरमध्ये: ३९०, ४१५. त्या काळी ती पुढारलेली होती आणि बीएमडब्ल्यू, फेरारी, फोर्ड यांनी काही मॉडेलांना ती दिली. जगाने ती स्वीकारली नाही. आज त्या रिमवर दुसरा टायर बसत नाही. मालकाने एक तर थोडक्या संख्येत निघणारे महागडे टायर घ्यायचे, नाही तर मूळ रिम काढून ठेवायच्या. गाडीच्या व्यवहारात उत्साहाने ‘ओरिजिनल रिम’ म्हणून दाखवलेल्या चाकांवर ३९० दिसलं, तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करावीत.

आता मुद्दा रबराच्या वयाचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोठा. ‘फास्ट अँड फ्युरियस’चा नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात २००५ च्या पोर्शे करेरा जीटीत मित्रासह मरण पावला. पोलिसांच्या तपासात अपघाताचं कारण वेग असं निघालं. ४५ मैलांच्या हद्दीत गाडी ८० ते ९३ मैलांनी धावत होती. पण त्याच तपासाने आणखी एक गोष्ट नोंदवली. गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे तिची हाताळणी बिघडलेली असू शकते. एवढ्या मोलाच्या, फारशा न चालवलेल्या गाडीखाली तिच्याच वयाचं रबर होतं.

कपाटात वर्षानुवर्षं पडलेला रबरबँड ताणला की तुटतो, तसंच हे. ऑक्सिजन आणि उष्णतेने रबराच्या साखळ्या एकमेकींना आणखी बांधल्या जातात आणि रबर कडक होतं. ओझोनपासून वाचवणारं मेण टायरमध्ये मिसळलेलं असतं, पण ते पृष्ठभागावर येतं टायर चालताना दबतो-ताणतो तेव्हाच. म्हणून उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर तडकते. आत पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारं रबरही म्हातारं होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. एखाद्या उन्हाळ्यात, वेगात, पट्टा सुटतो तेव्हाच कळतं.

आपला कायदा या गाड्यांना उभंच ठेवतो. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. म्हणजे तिचे टायर झिजून कधी संपणारच नाहीत. समृद्धी महामार्गावर २०२३ पासून आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली ते योग्यच झालं, पण त्या तपासणीत गोटा झालेला टायर पकडला जातो. संग्राहकाच्या गाडीचा टायर नक्षीने नव्यासारखा आणि आतून निर्जीव असतो. तो कुणीच अडवणार नाही. मालकानेच बाजूवरचे चार अंक वाचायचे: ‘३२२१’ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. तिथे तीनच अंक असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, आणि त्यावर गाडी दारापर्यंतसुद्धा नेऊ नये. पोर्शे सहा वर्षांची मर्यादा सुचवते. आपल्या उन्हात ती सैल करायला काहीच आधार नाही. स्टेपनीलाही हाच नियम.

पावसाचाही विचार हवा. विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून साठच्या दशकात नासाने एक ढोबळ सूत्र काढलं. हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगात झिजलेला टायर पाण्यावर तरंगू लागतो: ३६ पीएसआयला ताशी सुमारे १०० किलोमीटर, २६ पीएसआयला सुमारे ८५. जुन्या हलक्या गाड्यांत दाब मुळातच कमी असतो आणि ९११ मध्ये पुढे मागच्यापेक्षाही कमी. म्हणजे नेमकी वळवणारी चाकं आधी तरंगतात. ट्रॅकसाठी बनवलेले, उथळ नक्षीचे मऊ टायर अशा गाडीला लावून जुलैत ताम्हिणीत शिरणं अविचाराचं आहे. ते टायर तापल्याशिवाय पकडही देत नाहीत, आणि पावसात तापतही नाहीत.

निवडीच्या बाकी खुणा थोडक्यात. जुन्या टायरवरचं ‘व्हीआर’ म्हणजे ताशी २१० च्या वर, किती वर ते न सांगता. आजचा ‘व्ही’ म्हणजे २४० पर्यंत. गाडीच्या मूळ पुस्तिकेत व्हीआर असेल तर आजच्या व्हीपेक्षा खाली उतरू नये. मूळ माप मिळालंच नाही तर रिम तीच ठेवून उंची एक-दीड टक्क्याच्या आत राखावी: १८५/७० १५ ऐवजी १९५/६५ १५ घेतला तर फरक एक टक्क्याहूनही कमी पडतो. मात्र मागे-पुढे वेगळी मापं असलेल्या गाडीत हा बदल एकाच टोकाला करून समतोल मोडू नये. आणि १६५ आर १४ सारखं माप छोट्या मालवाहू गाड्यांच्या टायरांत सहज मिळतं म्हणून ते एमजीबीला चढवू नये. आकडे जुळतात, पण ते टायर भार वाहण्यासाठी आणि भरपूर हवेसाठी बनवलेले, कडक असतात. वळणात आणि ब्रेकखाली स्पोर्ट्‌स कारला जे हवं, ते त्यांच्यात नसतं.

आता खरी अडचण. जून २०२० मध्ये केंद्राने मोटारींच्या नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून मर्यादित यादीत टाकली. त्याच्या जोडीला आयएसआय प्रमाणनाची अट आहेच. स्वस्त आयातीपासून देशी कारखान्यांना वाचवणं हा हेतू मी समजू शकतो. पण पन्नास वर्षांच्या गाडीला दार उघडायचं आणि तिच्या चार टायरांना अडवायचं, यात सुसंगती नाही. सीएन३६ सारखा टायर भारतात कुणी बनवत नाही, त्यामुळे त्याच्या आयातीने कुणाचा धंदा बुडत नाही. व्हिंटेज नोंदणी असलेल्या गाडीमागे, काही वर्षांतून एकदा, पाच टायर आणण्याची मुभा नोंदणीच्या क्रमांकाशी जोडून देता येईल. ती मागणी संग्राहकांच्या संघटनांनी ड्युटीच्या मागणीआधी लावून धरावी.

आणि एक अपेक्षा देशी उद्योगाकडून. टीम इंडियाच्या जर्सीवर झळकणाऱ्या अपोलोने २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन विकत घेतली. ‘स्प्रिंट क्लासिक’ हा जुन्या गाड्यांसाठीचा नामांकित टायर याच व्रेडेस्टाइनचा. कंपनीचा तिथला एन्स्खेडेचा कारखाना २०२६ पर्यंत बंद करण्याची योजना २०२५ मध्ये जाहीर झाली. जुन्या नक्षीत नवं रबर भरण्याची ती विद्या भारतीय मालकीची आहे. ती इथल्या कारखान्यात उतरवली, तर आयातीचा प्रश्नच बराचसा सुटेल आणि जगभरच्या संग्राहकांना माल विकता येईल.

तोवर ज्यांना अशी गाडी आणायची आहे त्यांनी क्रम लक्षात ठेवावा: आधी उत्पादनाची तारीख, मग मूळ माप, मग वेगाचं अक्षर, मग पावसातली कामगिरी, आणि नक्षीचं सौंदर्य सर्वांत शेवटी. या क्रमाने चांगला टायर मिळत नसेल, तर गाडीचं बुकिंग थोडं थांबवावं.