कंदिलाची काच का तडकते?

कराडचे रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीला आहे, त्या गावाला हे नाव पडले ते काचकारखान्यामुळे. ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानच्या हद्दीत तो उभारला. प्रभाकर कंदील इथलाच. वीज येण्याआधी सातारा-सांगलीकडच्या कितीतरी मुलांनी त्याच्याच उजेडात अभ्यास केला. कारखाना आता बंद आहे. कंदील मात्र अजून कोणाच्या तरी माळ्यावर सापडतो.

पेटलेल्या कंदिलावर पाण्याचा थेंब उडाला की काच तडकलीच! बोलणी बसत घरातल्या सुनेला नाहीतर पोरीला. खरे कारण काचेतच असे.

काच म्हणजे मुळात वाळू. नुसती वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. इतकी धग भट्टीला परवडत नाही. म्हणून वाळूत सोडा मिसळतात, आपल्या धुण्याच्या सोड्याच्याच जातीचा. आचेने त्यातला कर्बवायू उडून जातो आणि सोडियम ऑक्साइड उरते. ते वाळूची घट्ट वीण सैल करते, त्यामुळे १५०० अंशांच्या आसपास काम भागते. पण वाळू आणि सोडा एवढ्यानेच भागवले तर ती काच पाण्यात विरघळते! म्हणून चुनाही हवा. नेहमीच्या काचेत शंभर भागांत सत्तरेक वाळू आणि १२ ते १५ सोडियम ऑक्साइड असते.

सोड्याने काच स्वस्त झाली, गरिबाच्या घरी आली. पण त्याच सोड्यामुळे ती तापल्यावर जास्त फुगते. थेंब पडतो तेवढी जागा झटकन आकसते, भोवतालची फुगलेलीच राहते. या ओढाताणीत तडा जातो. जाड ग्लास मजबूत वाटतो, पण कढत चहाने तोच आधी फुटतो, कारण आतली बाजू फुगते तेव्हा बाहेरची थंडच असते. प्रयोगशाळेतल्या काचेत सोडियम ऑक्साइड चारेक टक्केच असते, शिवाय बोरॉन असते. ती जवळजवळ एकतृतीयांशच फुगते.

चिनी मातीच्या बरणीवरची झिलई हीसुद्धा काचच. तिच्यात सोडा जास्त झाला तर ती मातीपेक्षा अधिक आकसते आणि जाळ्यासारख्या बारीक रेघा उठतात. त्या रेघांतून तेल-मीठ आत मुरते, वास जात नाही. लोणच्याला अशी बरणी घेऊ नये.

कंदील लावताना वात आधी बारीक ठेवावी, काच तापली की मोठी करावी. पुसायची ती काच पूर्ण निवल्यावर, कोरड्या फडक्याने.