पोटॅशियम डायक्रोमेट

क्रोमियम या धातूचे एक जोमदार ऑक्सिडीकारक (दुसऱ्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन काढून घेणारे) व विषारी संयुग. याच्या रेणूत पोटॅशियमाचे दोन, क्रोमियमाचे दोन व ऑक्सिजनाचे सात अणू असतात. रेणुभार २९४·१८, घनता २·६८, वितळबिंदू ३९८° से. स्फटिक नारिंगी-तांबडे व चमकदार. सु. ५००° से. तापमानाला याचे अपघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो. २०° से.ला १०० मिलि. पाण्यात सु. १२ ग्रॅ. व उकळत्या पाण्यात सु. १०० ग्रॅ. विरघळते. विद्रावात क्षार (अल्कली) घातल्यास नारिंगी रंग जाऊन क्रोमेटाचा पिवळा रंग येतो. अम्ल घातल्यास तो पुन्हा नारिंगी होतो. जुन्या पुस्तकांत व बाजारात हे ‘बायक्रोमेट’ या नावाने ओळखले जाई.

प्रयोगशाळेत या संयुगाला मोठा मान आहे. ते अतिशुद्ध स्वरूपात मिळते, हवेतील बाष्प शोषून घेत नाही आणि त्याचा विद्राव घट्ट बुचाच्या बाटलीत दीर्घकाळ बिघडत नाही. सोडियम डायक्रोमेट स्वस्त असले, तरी ते दमट हवेत ओलसर होते. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व पावसाळ्यात कपाटातील मीठही पाझरते, तेथे हा फरक केवळ पुस्तकी राहत नाही. ४·९०३ ग्रॅ. पोटॅशियम डायक्रोमेट अचूक तोलून पाण्यात विरघळविले व एक लि. विद्राव केला की, तो ०·१ नॉर्मल तीव्रतेचा प्रमाण विद्राव होतो. तो वेगळा पडताळून पाहावा लागत नाही.

क्रोमियमाचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये सायबीरियातील तांबड्या शिशाच्या खनिजात लावला. आज सर्व क्रोमियम संयुगे क्रोमाइट या काळ्या, जड खनिजापासून तयार करतात. हे खनिज कोकणातही आहे. कणकवलीजवळ वागदे व जानवली येथे अल्पसिकत खडकांत क्रोमाइटाचे लहान साठे आढळतात. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. खडकातील क्रोमाइटात क्रोमियम त्रिसंयुजी असते व ते जवळजवळ अविद्राव्य असल्याने तितकेसे अपायकारक नसते. क्रोमाइटाची पूड सोडियम कार्बोनेटाबरोबर हवेत सु. १,१००° से.पर्यंत भाजली की, क्रोमियम षट्‌संयुजी होऊन पाण्यात विरघळणारे सोडियम क्रोमेट बनते. त्यावर सल्फ्यूरिक अम्लाची व नंतर पोटॅशियम क्लोराइडाची विक्रिया करून पोटॅशियम डायक्रोमेटाचे स्फटिक मिळवितात. विषारीपणा येतो तो या भट्टीत.

उपयोग : कातडी कमाविण्याच्या उद्योगात लागणारी क्रोमियम लवणे, रंगद्रव्ये, विद्युत् विलेपन व छपाईचे ठसे यांत डायक्रोमेटांचा वापर फार पूर्वीपासून होत आला आहे. मद्य प्यायलेल्या व्यक्तीच्या श्वासाने नळीतील नारिंगी स्फटिक हिरवे होतात, ही जुनी पोलिसी चाचणीही याच संयुगावर आधारलेली होती. परंतु सामान्य प्रयोगशाळेत याचा सर्वांत मोठा खप आज मृदा व पाणी यांच्या परीक्षणासाठी होतो.

मृदेतील सेंद्रिय कार्बन मोजण्याची वॉक्ली व ब्लॅक यांची पद्धत १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. १ ग्रॅ. मातीत १० मिलि. नॉर्मल डायक्रोमेट विद्राव व २० मिलि. संहत सल्फ्यूरिक अम्ल घालतात. अम्ल व पाणी मिसळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच विक्रिया घडून येते. अर्ध्या तासाने मिश्रण पाण्याने विरल करून त्यात फॉस्फोरिक अम्ल व डायफिनिलअमाइन हा दर्शक घालतात आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटाने अनुमापतात. शेवटी जांभळा-निळा रंग एकदम हिरवा होतो. वापरल्या गेलेल्या दर मिलि. नॉर्मल डायक्रोमेटामागे ३ मिग्रॅ. कार्बनाचे ऑक्सिडीकरण झाले असे धरतात. मात्र या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कार्बन हाती लागत असल्याने उत्तराला १·३ने गुणतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत तपासावयाच्या बारा बाबींपैकी सेंद्रिय कार्बन ही एक असल्याने देशभर ही चाचणी फार मोठ्या संख्येने होऊ लागली.

कोकणातील मातीने या चाचणीपुढे काही खास अडचणी उभ्या केल्या आहेत. जांभ्या मृदेत लोह भरपूर असले, तरी ते फेरिक रूपात असल्याने चाचणीत ढवळाढवळ करीत नाही. परंतु पाणी तुंबलेल्या भातखाचरातील ओल्या मातीतील फेरस लोह डायक्रोमेट खाऊन टाकते व कार्बनाचा आकडा खोटाच वाढतो. म्हणून माती आधी हवेत वाळवावी लागते. खाडीकाठच्या खार जमिनीतील क्लोराइडांमुळेही आकडा फुगतो. शिवाय क्लोराइड, डायक्रोमेट व संहत सल्फ्यूरिक अम्ल एकत्र आले की, क्रोमिल क्लोराइड हा तांबूस, बाष्पनशील व अत्यंत दाहक द्रव तयार होऊ शकतो. सल्फ्यूरिक अम्लात सिल्व्हर सल्फेट मिसळले असता क्लोराइड अवक्षेपाच्या रूपाने बांधले जाते. खार मातीचा नमुना न ओळखता नेहमीच्या रीतीने तपासणे हे चुकीच्या उत्तराइतकेच श्वासालाही महाग पडणारे आहे.

पाण्याच्या बाबतीत रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजताना नमुना डायक्रोमेट व सल्फ्यूरिक अम्ल यांच्यासह दोन तास उकळत ठेवतात. उत्प्रेरक म्हणून सिल्व्हर सल्फेट व क्लोराइड बांधण्यासाठी मर्क्युरिक सल्फेट घालतात. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम येथील रासायनिक उद्योगांसारख्या ठिकाणी सांडपाण्यावर नजर ठेवण्याचे हे मुख्य साधन आहे. मात्र खाडीचे पाणी जितके खारे, तितका पारा अधिक लागतो. परिणामी चाचणीनंतर नळीत उरलेल्या द्रवात क्रोमियम, चांदी व पारा ही तिन्ही असतात. तपासलेल्या पाण्यापेक्षा तपासणीचा उरलेला द्रव अधिक विषारी असावा, ही गोष्ट पाण्याच्या स्वच्छतेसाठी झटणाऱ्या प्रयोगशाळांत बहुधा बोलली जात नाही.

विषारीपणा : क्रोमेट आयनाची ठेवण सल्फेट आयनासारखी असते. त्यामुळे सल्फेटासाठी असलेल्या वाटेने ते सहज कोशिकेत शिरते. आत गेल्यावर ॲस्कॉर्बिक अम्लासारख्या द्रव्यांकडून इलेक्ट्रॉन घेत ते टप्प्याटप्प्याने त्रिसंयुजी होते व या प्रक्रियेत आनुवंशिक द्रव्याची हानी होते. त्रिसंयुजी क्रोमियमाला बाहेरून कोशिकेत शिरणे अवघड जाते. ज्या गुणामुळे हे संयुग चंबूत मातीतील कार्बन मोजते, त्याच गुणामुळे ते शरीरात अपाय करते.

ग्लासगो येथील क्रोमेट कारखान्यातील कामगारांच्या हातांवरील व्रणांचे वर्णन कमिन यांनी १८२७ मध्येच केले होते. हे व्रण वाटोळे, कडा उंच व तळ खोल असलेले, भोक पाडल्यासारखे दिसतात. ते फारसे दुखत नाहीत व म्हणूनच दुर्लक्षिले जातात. नाकात धूळ गेल्यास मधला पडदा कुजून त्याला छिद्र पडते. आधी नुसते रक्त येते, तेवढ्यावर कोणी वैद्याकडे जात नाही. भारताच्या १९४८च्या कारखाने अधिनियमात क्रोम व्रण हा सूचनीय (अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक असलेला) व्यवसायजन्य रोग ठरविला होता. एकदा ॲलर्जी जडली की, पुढे अत्यल्प संपर्कानेही त्वचाशोथ उसळतो. सिमेंटमधील सूक्ष्म प्रमाणातील षट्‌संयुजी क्रोमियमामुळे गवंड्यांच्या हातांना होणारा त्रास हा याच जातीचा. दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्‌संयुजी क्रोमियम संयुगांचा मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात समावेश केला. पोटात गेल्यास अन्नमार्ग भाजतो व मूत्रपिंडे निकामी होतात. अम्लयुक्त गरम विद्राव त्वचेवर सांडला, तर भाजलेल्या लहानशा जागेतूनही मूत्रपिंडाला घातक ठरेल इतके क्रोमियम रक्तात जाऊ शकते.

हाताळणी : खरा धोका चूर्ण तोलताना व विद्राव मोजून घेताना असतो. तोलण्याचे काम धूर व धूळ बाहेर खेचणाऱ्या कपाटात, पंखा बंद ठेवून, नायट्राइल रबराचे हातमोजे व चष्मा घालून करावे. मोठे स्फटिक खलात कुटण्याऐवजी पाण्यात तसेच विरघळविणे श्रेयस्कर. पिपेट तोंडाने ओढण्याची सवय आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. या विद्रावाच्या बाबतीत तिला अजिबात थारा देऊ नये, रबरी फुगा किंवा यांत्रिक मापक वापरावा. सांडलेले चूर्ण कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके ताबडतोब पाण्यात बुडवून पुढे सांगितल्याप्रमाणे निष्प्रभ करावे. लाकडाचा भुसा टाकणे तर मुळीच नको, कारण सुके डायक्रोमेट व भुसा हे ज्वालाग्राही मिश्रण होय. अल्कोहॉल, ॲसिटोन, ग्लिसरीन, गंधक यांच्यापासून बाटली दूर, वेगळ्या फळीवर ठेवावी. त्वचेवर वा डोळ्यात उडाल्यास वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे; पोटात गेल्यास वांती करविण्याच्या खटपटीत न पडता त्वरित रुग्णालय गाठावे.

काचसामान धुण्यासाठी डायक्रोमेट व सल्फ्यूरिक अम्ल यांचे मिश्रण वापरण्याची प्रथा आता सोडून द्यावी अशीच आहे. धुतलेल्या काचेला क्रोमियम चिकटून राहते आणि ॲसिटोन राहिलेल्या चंबूत ते मिश्रण ओतल्याने पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. साबणी द्रव्ये व विरल नायट्रिक अम्ल यांनी बहुतेक काम भागते. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत अमोनियम डायक्रोमेटाचा ‘ज्वालामुखी’ पेटविला जातो. त्यातून उडणाऱ्या हिरव्या राखेत न जळलेले षट्‌संयुजी क्रोमियमही असते व पुढच्या रांगेत मुले बसलेली असतात. हा प्रयोग वर्ज्य समजावा.

अवशेषांची विल्हेवाट : मृदा परीक्षणाच्या एका चंबूत ०·४९ ग्रॅ. डायक्रोमेट, म्हणजे सु. १७३ मिग्रॅ. क्रोमियम जाते. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमाची मर्यादा लिटरला ०·०५ मिग्रॅ. आहे. या हिशोबाने एका चंबूतील क्रोमियम सु. ३,४०० लि. पाणी मर्यादेपर्यंत नेण्यास पुरे आहे. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. फेरस लवणाने अनुमापन पूर्ण झाले असल्यास चंबूतील सर्व क्रोमियम त्रिसंयुजी झालेले असते. परंतु वेळ वाचविण्यासाठी अनेक ठिकाणी अनुमापनाऐवजी हिरव्या रंगाची तीव्रता ६६० नॅनोमीटर तरंगलांबीला वर्णमापकाने मोजतात. या पद्धतीत न वापरले गेलेले डायक्रोमेट जसेच्या तसे शिल्लक राहते. वरवर अधिक सुटसुटीत असलेली पद्धत अशा रीतीने अधिक विषारी अवशेष मागे ठेवते, व उरलेला प्रमाण विद्राव आणि बाटल्यांचे धुवण यांची त्यात भर पडते.

उपाय मात्र त्याच विक्रियेत आहे. अवशेष प्लॅस्टिकच्या पिंपात साठवून त्यांचे पीएच मूल्य २ ते ३ ठेवावे आणि ढवळत हिराकस (फेरस सल्फेट) किंवा सोडियम बायसल्फाइट थोडे थोडे घालावे. दर ग्रॅ. पोटॅशियम डायक्रोमेटाला सु. ६ ग्रॅ. हिराकस लागतो. मिश्रण हिरवे झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. डायफिनिलकार्बाझाइड घालून जांभळा रंग येत नाही याची खात्री करून घ्यावी. मग चुन्याच्या निवळीने पीएच मूल्य ८ ते ९ केले की, क्रोमियम व लोह यांची हायड्रॉक्साइडे गाळाच्या रूपाने खाली बसतात. वरचे पाणी तपासल्यावरच सोडावे; अंतर्गत जलाशयांत सोडावयाच्या सांडपाण्यात षट्‌संयुजी क्रोमियमाची मर्यादा लिटरला ०·१ मिग्रॅ. आहे. पारा असलेले अवशेष यात कधीही मिसळू नयेत. ते स्वतंत्र साठवावे लागतात.

प्रयोगशाळेमागच्या जांभ्यावर ओतलेले पाणी जिरून जाते, म्हणून ते नाहीसे झाले असा समज होतो. जांभ्यातील लोहाची ऑक्साइडे अम्लधर्मी मातीत क्रोमेट काही प्रमाणात धरून ठेवतात हे खरे. पण चुना टाकल्यास वा फॉस्फेटयुक्त खत दिल्यास ते सुटून पुढे विहिरीकडे जाऊ शकते. गाळ जमिनीत पुरणेही बरोबर नाही, कारण मृदेतील मँगॅनिजाची ऑक्साइडे त्रिसंयुजी क्रोमियमाचे पुन्हा षट्‌संयुजी रूपांतर करू शकतात. क्रोमेटाचा टाकाऊ माल उघड्यावर साठल्याने भूजल किती काळ बिघडते, याचे उदाहरण तमिळनाडूतील राणीपेट येथे आहे. गाळ कोरडा करून, चिठ्ठी लावून अधिकृत घातक अपशिष्ट केंद्राकडे पाठवावा. महाराष्ट्रात तळोजे, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत.

यूरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर पोटॅशियम डायक्रोमेटाचा वापर साधारणपणे विशेष परवानगीशिवाय करता येत नाही. वैज्ञानिक संशोधनाला व विश्लेषणाला यात सूट आहे. कार्बन मोजण्यासाठी माती ऑक्सिजनात जाळून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारी यंत्रे उपलब्ध असली, तरी ती महाग असल्याने तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळांत नारिंगी बाटलीच अद्याप वापरात आहे.